निशाणकरांच्या भुतांची दुरुस्ती

अर्जुनराव येळवंडे यांनी आयुष्यात काम केलं ते एकच, खोट काढण्याचं. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ते बत्तीस वर्षं क्वालिटीला होते. लाइनवरून माल यायचा, अर्जुनराव एकेक नग हातात घ्यायचे, गेज लावायचे, आणि केसभर फरक दिसला तरी त्याला लाल टॅग बांधून बाजूला ठेवायचे. मॅनेजरने गोड बोलून बघितलं, वरच्या साहेबांनी आवाज चढवून बघितला. एकदा तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ट्रक भरून उभा असताना या गृहस्थांनी अर्धा माल खाली उतरवायला लावला होता. असा माणूस सोबतीला फार त्रासाचा, पण त्याने 'ठीक आहे' म्हटलं की ते ठीकच असायचं. कंपनीतले सगळे त्यांच्यावर चिडायचे आणि स्वतःची मोटरसायकल घ्यायची झाली की तपासायला त्यांनाच घेऊन जायचे.

निवृत्त होऊन आकुर्डीच्या घरी बसल्यावर मात्र खोट काढायला मालच उरला नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी यशोदाबाईंच्या भाकरीकडे निरखून पाहिलं आणि "कड जरा जाड आलीया" असं म्हणाले. यशोदाबाईंना भांडायची सवय नव्हती. त्यांनी पिठाची परात नवऱ्यापुढे सरकवली आणि त्या टीव्ही बघायला निघून गेल्या. त्या दिवसापासून अर्जुनराव भाकरी मुकाट्याने खाऊ लागले.

त्यांना पुन्हा कामाला लावलं ते भीमराज सोमवंशी यांनी. भीमराज त्याच कंपनीत प्रॉडक्शनला होते. मूळचे लातूरकडचे, तरुणपणी पोटासाठी इकडे आले आणि संत तुकाराम नगरात घर करून राहिले. आता ज्याने कधी कारखाना पाहिला नाही त्याला सांगायला हवं, की प्रॉडक्शनवाला आणि क्वालिटीवाला यांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. एकाला माल गेटबाहेर काढायचा असतो, दुसऱ्याला तो अडवायचा असतो. हे दोघे सत्तावीस वर्षं रोज भांडले आणि रोज एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. भीमराजांचं वाक्य ठरलेलं होतं, "येळवंडे, जाऊ दे की. चालतंय तेवढं." आणि अर्जुनरावांचं उत्तरही ठरलेलं होतं, "न्हाई चालत."

भीमराजांना साखरेचा आजार होता आणि साखरेवर प्रेमही होतं. दोन्ही एका घरात नांदले आणि त्यात डोळे गेले. उजवा पुरता गेला, डाव्याने खिडकीत उजेड आहे की नाही तेवढं कळायचं. डॉक्टरांनी शेवटचं काय ते सांगितलं, त्या दिवशी हॉस्पिटलात मुलगा सिद्धेश, सून सुप्रिया आणि अर्जुनराव असे तिघे सोबत होते. बाहेर आल्यावर सिद्धेश म्हणाला, "बाबा, दोन-तीन इंजेक्शनं झाली की दिसायला लागेल." सुप्रिया म्हणाली, "हल्ली फार चांगली औषधं आलीत." भीमराजांनी दोघांचं ऐकून घेतलं, रिक्षात बसले, आणि मग अंदाजाने मान वळवून विचारलं, "येळवंडे, डॉक्टर काय बोलला?"

"उजवा गेला," अर्जुनराव म्हणाले. "त्यो न्हाई यायचा. डावा हाय तेवढा टिकंल, त्याच्यासाठी इंजेक्शनं. त्याच्याफुडं काय न्हाई."

सिद्धेशने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. सुप्रियाने ओढणी तोंडाला लावली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा भीमराज म्हणाले, "आता घरात मला सगळे गोड गोड सांगणार बघ. चहात साखर नसली तरी आहे म्हणणार. तू तेवढं जसं आहे तसं सांगत जा. एक तरी माणूस असा पाहिजे की, त्याचं ऐकलं की दुसरीकडं विचारायला नको." अर्जुनराव नुसतं "व्हय" म्हणाले. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं, त्यामुळे या कबुलीत काही अवघड असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

अवघड केलं ते पुस्तकांनी. भीमराजांना वाचनाचं वेड होतं, पण त्यात निवड नावाची भानगड नव्हती. कंपनीच्या बसला नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास लागायचे, तेवढ्यात हाताला लागेल ते ते वाचायचे. एकदा कोणाकडून तरी 'डॉ. निशाणकरांची पिशाच्चप्रकरणे' या मालिकेतलं एक पुस्तक घेऊन त्यांनी अर्धं वाचलं आणि बस गेटात शिरली. त्या अर्ध्या पुस्तकाने माणूस असा झपाटला की त्याने पुढे अख्खा तेरा भागांचा संच विकत घेऊन ठेवला, निवृत्त झाल्यावर पहिल्यापासून निवांत वाचू म्हणून. निवृत्ती आली, संचही कपाटात होता, आणि डोळे गेले. सिद्धेशने दोन दिवस वाचून दाखवलं, पण तो मधली पानं गाळून पळायचा. मग भीमराजांनी आकुर्डीला फोन लावला.

हे डॉ. शार्दूल निशाणकर म्हणजे भुतांनी केलेल्या खुनांचा तपास लावणारे गृहस्थ. त्यांची सहायक मंदाकिनी त्यांना चहा करून देते आणि उरलेल्या वेळात किंचाळते. लेखकाचं नाव नुसतंच चंद्रकेतू. त्याने आडनाव का लावलं नसावं, हे अर्जुनरावांना पहिल्याच संध्याकाळी कळलं.

गॅलरीत दोन खुर्च्या, पाचचा चहा, समोर भीमराज मांडी घालून तयार. अर्जुनरावांनी नवव्या पानावर वाचलं, 'अमावास्येची ती काळीकुट्ट रात्र होती. पूर्ण चंद्राच्या प्रकाशात बंगला भेसूर दिसत होता.' ते थांबले. एक पान मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"अमावास्येला चंद्र कुठनं आला?"

"येतोय कधी कधी. वाच."

"कधी कधी न्हाई येत. म्हून तर अमावास्या म्हणत्यात."

"येळवंडे, भुताची गोष्ट आहे, पंचांग नाही. वाच की."

पण ती नुसती सुरुवात होती. भिंतीतून आरपार जाणारं भूत बाराव्या पानावर दार वाजवून आत आलं आणि पायपुसण्यावर उभं राहिलं. दुसऱ्या भागात निशाणकरांचा डावा हात एका हडळीने कोपरापासून तोडला, आणि चाळीस पानांनी त्याच निशाणकरांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा करून काडी पेटवली. 'अंगावर सर्रकन काटा आला' हे वाक्य तिसऱ्या भागात एकेचाळीस वेळा आलं. अर्जुनरावांनी ते पेन्सिलीने मोजलं, आणि त्यातला एक काटा तर खुद्द भुताच्याच अंगावर आला होता. खुनी म्हणाल तर पहिल्या चारही भागांत घरचा वकील. पाचवा भाग उघडला आणि दुसऱ्याच पानावर एक वकील काळा कोट झटकत आला, तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "आला बघ. ह्योच."

राग त्यांना भुतांचा नव्हता. भुतं त्यांच्या गावच्या शिवारातही होती आणि त्यांच्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण कोणीतरी माणसाने पैसे घेऊन माल बाजारात आणावा आणि गेटबाहेर सोडण्याआधी एकदाही उलटून बघू नये, हे त्यांच्या जिवाला लागायचं. त्यांनी प्रकाशकाला पत्र पाठवलं. कंपनीत तक्रारीचा कागद भरतात त्याच पद्धतीने, दोष कोणता, कुठे, मूळ कारण काय, उपाय काय, अशी आखणी करून. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लेखक मागचे पान वाचत नाही.' महिन्याने उत्तर आलं, आपल्यासारख्या रसिक वाचकांमुळेच आम्हाला हुरूप येतो, सोबत एक पुस्तकखूण भेट. खुणेवर भेसूर बंगल्याचं चित्र होतं आणि वर पूर्ण चंद्र. अर्जुनरावांनी ती यशोदाबाईंच्या किराण्याच्या यादीला लावली.

अखेर भीमराजांचा संयम सुटला. "दर दोन ओळींना लाइन बंद करायलास तू," ते म्हणाले. "मला दिवसभरात हेच दोन तास आहेत. गोष्ट ऐकू दे. तुला नसेल जमत तर तसं सांग, मी आपला गप पडून राहतो."

'गप पडून राहतो' हे अर्जुनरावांना ऐकवलं नाही. सत्तावीस वर्षं ज्याने शेड डोक्यावर घेतली होती तो माणूस गप पडून राहणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी ठरवलं, आता मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी निमूट वाचायला बसले आणि चौथ्या ओळीत पुन्हा अमावास्येला चंद्र उगवला. अर्जुनरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वाचलं, 'अमावास्येच्या अंधारात बंगला नुसता जाणवत होता.' भीमराजांनी मान डोलावली. झालं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा अर्जुनरावांनी खोट दाबून माल पुढे सोडला, आणि त्यांना स्वतःलाच ते कळलं नाही.

कारखान्यात नग दुरुस्त करून वापरायला बंदी नसते. त्याला रिवर्क म्हणतात. पण दुरुस्त केलेल्या नगाला पिवळा टॅग बांधावाच लागतो, म्हणजे पुढच्याला कळतं की हा मूळचा असा नव्हता. टॅग न लावता केलेलं रिवर्क ही तिथली सगळ्यात मोठी चोरी, आणि त्यापायी अर्जुनरावांनी चांगल्या चांगल्या कारागिरांना रडकुंडीला आणलं होतं. इथे मात्र त्यांनी आधी चंद्र झाकला, मग भुताला दार वाजवण्यापासून रोखलं, मग वकिलाला निर्दोष सोडून खून माळ्याच्या गळ्यात घातला, आणि टॅग एकालाही बांधला नाही.

सहाव्या भागात तर त्यांनी कहर केला. त्यात मंदाकिनी दीपगृहाच्या आगीत जळून मरते आणि सातव्या भागाच्या तिसऱ्या पानावर काही न झाल्यासारखी चहा घेऊन येते. अर्जुनरावांनी हे आधी घरी वाचून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग वही काढली. तीन दिवस डोकं खाजवून त्यांनी वाट काढली, की वर चढताना मंदाकिनीने समुद्राच्या अंगाच्या खिडकीची जाळी नुसती आकड्यांवर टेकवलेली आहे हे बघून ठेवलं होतं. आग लागल्यावर ती तिथूनच निसटते. यशोदाबाई म्हणाल्या, "पोरांच्या दहावीला कधी येवढी वही धरली न्हाई तुमी."

वीस पानं आधी त्यांनी ती खिडकी हळूच पेरून ठेवली आणि वेळ आल्यावर जाळी काढली. भीमराजांनी मांडीवर थाप मारली. "काय डोकं आहे रे या चंद्रकेतूचं. खिडकी आधीच दाखवली होती की त्यानं, माझ्याच ध्यानात नाही आलं." अर्जुनराव लाजले. कोणाला दिसणार नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली. जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाला नावं ठेवली, स्वतः कधी एक नग बनवला नव्हता. त्या संध्याकाळी बसला गर्दी होती, उभं राहून यावं लागलं, आणि त्यांना वाटेत कशाचाच त्रास झाला नाही.

असे बारा भाग झाले. भीमराज खुशीत होते, जेवताना सुप्रियाला गोष्ट सांगायचे, फोनवर गावाकडच्या भावाला सांगायचे. गाडं अडलं ते तेराव्या भागावर. त्यात शेवटच्या पानावर निशाणकर जागे होतात आणि कळतं की तेराही प्रकरणं त्यांना पडलेलं स्वप्न होतं. यावर काही तोड अर्जुनरावांना सुचेना. त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, मग पाहुण्यांचं, मग पुन्हा गुडघ्याचं. तीन आठवडे गेले.

तेवढ्यात भीमराजांचा वाढदिवस आला. सुप्रिया माणच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, हल्ली घरूनच काम करायची. काकांचा गुडघा दुखतो, बाबांचे दिवस सुने जातात, म्हणून तिने शोधून काढलं की ही मालिका फोनवर ऐकायलाही मिळते आणि वाचायलाही. तिने सगळे भाग घेऊन दिले. "तेरावा लावू?" असं तिने विचारलं. भीमराज म्हणाले, "तो येळवंडेच वाचेल. तू सहावा लाव. ते दीपगृहाचं पुन्हा एकदा ऐकू दे." आणि त्यांनी ऐकलं. खिडकी आली नाही. मंदाकिनी जळून मेली. त्यांना वाटलं फोनवाल्यांनी चूक केली. त्यांनी सुप्रियाला कपाटातलं पुस्तक काढून शोधायला लावलं. तिने पानन्‌पान चाळलं. खिडकी तिथेही नव्हती. मग माळ्याचं बघितलं, मग आणखी दहा ठिकाणी बघितलं.

अर्जुनराव दोन दिवसांनी उशिराच्या शुभेच्छा आणि बिनसाखरेची मिठाई घेऊन आले, तेव्हा भीमराज गॅलरीत सहावा भाग मांडीवर ठेवून बसले होते.

"येळवंडे, खिडकी कुठंय?"

अर्जुनरावांना एका क्षणात सगळं कळलं. थापा मारायची सवय असती तर काही सुचलंही असतं. "न्हाई त्यात," ते म्हणाले. "ती म्या घातली. पोरगी जळून मरती आन फुडल्या भागात च्या घिऊन येती, मला वाचवंना. पाचव्यापासनं बराच माल बदलला. आन तेरावा म्हून टाळत व्हतो, त्यात समदं सपान निघतंय."

"मला गोष्टीचा राग नाही," भीमराज म्हणाले. "खिडकी तुझी चांगली होती." ते पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मला फक्त एवढं सांग. त्या दिवशी रिक्षात तू डाव्या डोळ्याचं बोललास. आहे तेवढा टिकंल म्हणलास. ते पण असंच होतं का, दुरुस्त केलेलं?"

डोळ्याचं अर्जुनरावांनी शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं. पण ते खरं आहे हे दाखवायला त्यांच्याजवळ त्यांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि त्या शब्दाची माती त्यांनी स्वतःच केली होती. लाज वाटावी असं त्यांच्या हातून नोकरीत कधी घडलं नव्हतं. ती आता वाटली, चांगली कानांपर्यंत वाटली.

"खरं सांगितलं व्हतं," ते कसंबसं म्हणाले.

"असेल. पण आता मला ते दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागंल. तेच मला नको होतं बघ."

अर्जुनराव चहा न घेताच उठले. घरी आल्यावर त्यांनी यशोदाबाईंना सगळं सांगितलं आणि जेवायला नको म्हणाले. यशोदाबाईंनी ताट वाढलंच. म्हणाल्या, "त्यांनी तुमास्नी गोष्ट बनवायला सांगितली व्हती का? न्हाई ना. मग जावा आन हाय तशी वाचा." एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या. अर्जुनरावांनी रात्रभर विचार केला, पण बायकोच्या त्या बोलण्यापुढे काही त्यांना जाता आलं नाही. फक्त एक गोष्ट त्यांना आपल्या धंद्यातली आठवली. तपासनिसाची एक चूक सापडली की त्याने सोडलेला सगळा माल पुन्हा उघडतात, आणि तपासायला दुसरा माणूस बसवतात. त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी ठीक पाचला ते दारात हजर. "पाचव्या भागापासनं पुन्यांदा वाचतो," उभ्यानेच म्हणाले. "छापलंय तसंच. सुप्रिया फोनावर त्येच पुस्तक उघडून शेजारी बसंल आन ताडून बघंल. एक शबुद इकडचा तिकडं झाला तर मला हाकलून दे."

भीमराजांनी विचार केला. "सुप्रिया," त्यांनी हाक मारली, "फोन घेऊन ये."

आणि मग सुरू झाली ती शिक्षा. ज्या चंद्राला अर्जुनरावांनी एवढ्या कष्टाने झाकलं होतं तो अमावास्येला पुन्हा उगवला, आणि तो त्यांना स्वतःच्या तोंडाने उगववावा लागला. भुतं दारं वाजवून आत येऊ लागली. माळी सुटला, वकील फासावर गेला. अंगावर सर्रकन काटा आला, पुन्हा आला, त्याच पानावर तिसऱ्यांदा आला, आणि अर्जुनराव एखादं कडू औषध गिळावं तसं एकेक वाक्य गिळत वाचत राहिले. सुप्रिया बोट फिरवत जुळवायची. तिने ही पुस्तकं कधी वाचली नव्हती, त्यामुळे तिची चांगलीच करमणूक होत होती. "काका, खरंच असं आहे," ती हसू दाबत म्हणायची. "मेलेल्या माणसाने सही केलीय, आणि खाली तारीख पुढच्या वर्षीची."

भीमराज पहिला आठवडा दगडासारखे बसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे ओठ हलायला लागले. मंदाकिनी जळाली आणि पुढच्या भागात चहा घेऊन आली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही तर मेली होती की." अर्जुनरावांनी फक्त पान उलटलं. हसणं परत आलं होतं, बोलणं परत आलं होतं, चहासुद्धा आला होता. पण रोज पाच वाजले की भीमराज आधी "सुप्रिया, फोन घेऊन ये" म्हणायचे आणि मगच "हं, वाच" म्हणायचे. ती हाक अर्जुनरावांना रोज नव्याने लागायची. तक्रार करायला जागा नव्हती, कारण हा बंदोबस्त त्यांनी स्वतःच मागून घेतला होता.

नवव्या भागातली एक संध्याकाळ. निशाणकर एका पडक्या खाणीवर तपासाला गेले होते. पान सुरू झालं आणि आतून सुप्रियाच्या लॅपटॉपवर ऑफिसचा कॉल वाजला. "पाचच मिनिटं काका, तुम्ही वाचत राहा," म्हणून ती आत गेली. फोन खुर्चीवर पडून राहिला. अर्जुनराव वाचत खाली आले, आणि शेवटच्या तीन ओळी दिसताच त्यांना आठवलं की इथे काय आहे. खाणीवर एक आंधळा रखवालदार असतो. पहिल्या वेळी त्यांनी त्याला पावलांच्या आवाजावरून खुनी ओळखणारा हुशार माणूस करून टाकलं होतं. छापलेलं निराळंच होतं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून सुप्रियाचं इंग्रजी ऐकू येत होतं. तीन ओळी गाळल्या असत्या तर गोष्टीला काही धक्का लागत नव्हता, आणि जगात कोणालाही कळलं नसतं.

"का थांबलास?" भीमराज म्हणाले.

अर्जुनरावांनी वाचलं. "'रखवालदार आंधळा होता. आंधळ्याचं जगणं ते काय जगणं. तो घरच्यांच्या गळ्यातली धोंड असतो, आणि मेला तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात.'" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. पण शब्द त्यांनी पुरा केला.

शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. "मागच्या वेळी हे नव्हतं," भीमराज म्हणाले.

"नव्हतं. म्या गाळलं व्हतं."

"सुप्रिया आत आहे ना?"

"आत हाय. फोन हितं खुर्चीवर पडलाय."

भीमराजांच्या छातीतून आधी एक हुंकार आला आणि मग हसू आलं, जुनं, शेडमध्ये मशीनच्या वर ऐकू येणारं. "गाढव आहे हा चंद्रकेतू," ते म्हणाले. "एक नंबरचं गाढव. इतकी वर्षं पैसे घेऊन लिहायलाय आणि याला कुणी सांगितलं नाही."

"म्या पत्र धाडलं व्हतं," अर्जुनराव म्हणाले.

सुप्रिया घाईघाईने बाहेर आली. तिने फोन उचलला आणि खुर्चीवर बसत विचारलं, "सॉरी बाबा, कुठपर्यंत आलो आपण?"

"तू जा माय, तुझं काम बघ," भीमराज म्हणाले. "उद्यापासून पण नको येत जाऊस."

"मग ताडून कोण बघणार?"

"तो वाचतोय की."

ती दोघांकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि फोन घेऊन आत गेली. भीमराजांनी पाय पसरले, डोकं मागे टेकवलं आणि हाताने 'पुढे' अशी खूण केली. अर्जुनरावांना पुढची ओळ लगेच दिसेना. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि छापलं होतं तसं पुढचं पान वाचायला लागले.